सईच्या ऑनलाइन बी.कॉम.बद्दल

डोंबिवली

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

घरी बसून केलेली पदवी पुढे कोणी मानेल का, ही बाबांची काळजी आधी मिटवते. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असेल, तर ती नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात; 2022 मध्ये आयोगाने तसं स्पष्टच केलंय. मात्र विद्यापीठाचं नाव मोठं आहे म्हणून भागत नाही. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या साइटवर विद्यापीठ, कोर्स आणि प्रवेशाचं वर्ष, तिन्ही सापडायला हवं. स्टेशनबाहेरच्या एजंटाच्या हातात एक रुपयाही द्यायचा नाही, फी थेट विद्यापीठाच्या साइटवर भरायची. नर्सिंग, इंजिनिअरिंग, वकिली असे कोर्स या पद्धतीने चालवायला परवानगीच नाही.

दूरशिक्षण आपल्याकडे नवीन नाही, मुंबई विद्यापीठात ते 1971 पासून आहे. त्यात पुस्तकं मिळतात आणि अधूनमधून केंद्रावर तासांना जावं लागतं. ऑनलाइन कोर्समध्ये व्हिडिओ, वाचायचा मजकूर, स्वाध्याय आणि शंका विचारायची जागा, सगळं नेटवरच.

आता मुख्य गोष्ट. सई घरात दिसली तरी ती मोकळी नसते. कोर्सचा अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात; एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास. सहामाहीला 20 क्रेडिट धरले तर 600 तास होतात, म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज तीन-साडेतीन तास. त्या वेळात तिला दळणाला, रेशनला पाठवू नका. अकाउंट्सचा व्हिडिओ नुसता बघून काही येत नाही. उदाहरण पडद्यावर आलं की व्हिडिओ थांबवायचा, वहीत आखून जमा-नावे स्वतः मांडायचं, बेरीज जुळली की मगच पुढे जायचं. वीस मिनिटांच्या व्हिडिओला असा तास सहज जातो. आई, ती एकाच चित्रावर अडकून बसलेली दिसली तर अभ्यास चाललाय असं समज.

गुणांपैकी जास्तीत जास्त 30 टक्के वर्षभरातल्या कामाचे, बाकीचे परीक्षेचे. असाइनमेंट शेवटच्या रात्री टाकायला गेलं की साइट रखडते, फोटोंची फाइल जड म्हणून परत येते. दोन दिवस आधी पाठवून पोचपावती जपून ठेवायची. परीक्षा केंद्रावर आहे की घरून, हे प्रवेशाआधीच विचारायचं. घरून असेल तर कॅमेरा सतत चालू असतो. मागून कोणी गेलं किंवा उत्तर सांगितल्यासारखा आवाज आला, तर पेपरवर शंका घेतात. आपल्या एका खोलीत हे अवघडच आहे. त्या दोन-तीन तासांत तुम्ही शेजाऱ्यांकडे जाऊन बसा, टीव्ही बंद ठेवा आणि तिला खिडकीकडे तोंड करून बसवा. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा दिसतो. तिच्या मोबाइलवर फोनही करू नका, हॉटस्पॉटवर असताना फोन आला की काही मोबाइलवर नेट तुटतं.

प्रवेशाला आधी डिजिलॉकर या कागदपत्रांच्या सरकारी अ‍ॅपमधून, मिळवलेले क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर काढायचा आणि त्यावरून दूरशिक्षण विभागाचा आयडी. आधार आणि मार्कशीटवरचं नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही, तर गाडं इथेच अडतं. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं आणि आधारवर बहुतेक शेवटी, त्यात स्पेलिंगचं एखादं अक्षर हमखास वेगळं निघतं. दुरुस्तीला किती दिवस लागतील याचा भरवसा नाही.

आई, कपाटातून तिची दहावी-बारावीची मार्कशीट आणि आधार काढून ठेव. रविवारी आले की अक्षर न् अक्षर ताडून बघू.

तुमची,
मंजू