तीर्थन नदीकाठच्या ‘फ्लाय-फिशिंग इस्टेट’च्या विक्रीतील दिशाभूल : बुकिंग रद्द करून व्याजासह रक्कम परत मिळण्याबाबत

दि. २ डिसेंबर २०२४
पुणे

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
ग्राहक तक्रार विभाग,
पुणे विक्री कार्यालय

महोदय,

हिमाचल प्रदेशात कुल्लू जिल्ह्यातल्या बंजारजवळ, तीर्थन नदीच्या काठी ‘खासगी ट्राउट नदीसह एक एकराची फ्लाय-फिशिंग इस्टेट’ अशी जाहिरात करून तुम्ही भूखंड विकत आहात. त्यातल्या एका भूखंडासाठी मी तुमच्याकडे १० लाख रुपये भरले आहेत. ठरलेली किंमत ८५ लाख. जागा पाहून आणि कागदपत्रे तपासून आल्यावर मी हे बुकिंग रद्द करत आहे. फोनवर तुमच्या प्रतिनिधींनी प्रत्येक वेळी ‘वरिष्ठांशी बोलून कळवतो’ एवढेच सांगितले, म्हणून सगळे लेखी मांडते.

माझे पती आणि मी बरीच वर्षे गळाने मासेमारी करतो आहोत. गळाला लावायच्या फ्लाय, म्हणजे पिसे-दोऱ्यांचे नकली कीटक, मी स्वतः बांधते. निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने डोंगरातल्या एखाद्या स्वच्छ नदीजवळ राहावे ही आमची जुनी इच्छा, आणि ती तुमच्या प्रतिनिधींना पहिल्याच भेटीत सांगितली होती. म्हणजे आम्ही ही जागा कशासाठी घेतो आहोत हे तुम्हाला पक्के ठाऊक होते.

सुरुवात तुमच्या माहितीपत्रकापासून करते. मुखपृष्ठावर एक माणूस चपट्या तळाच्या होडीत उभा राहून रॉड फिरवतो आहे. तीर्थन मोठमोठ्या खडकांमधून उसळत येणारी नदी आहे, हिवाळ्यात तर बऱ्याच ठिकाणी पाणी गुडघा-मांडीइतकेच असते. तशी होडी तिथे चालवायला जागाच नाही. आतल्या पानावर हातात धरलेला जो मासा छापला आहे, त्याच्या जबड्याखाली लाल-केशरी पट्टा स्पष्ट दिसतो. तो कटथ्रोट ट्राउट. तो पश्चिम अमेरिकेतल्या, रॉकी पर्वताच्या नद्यांचा मासा आहे, तीर्थनमध्ये तो नाही. तीर्थनमध्ये आहे तो ब्राउन ट्राउट, अंगावर काळे आणि लाल ठिपके असलेला. इंग्रजी अमदानीत १९०९ च्या सुमारास त्याची पैदास कुल्लूत सुरू झाली आणि तेव्हापासून तो या नद्यांमध्ये रुजला. दुसऱ्या देशातल्या नदीचा आणि माशाचा फोटो छापून खाली ‘तुमच्या दारातली नदी’ असे लिहिणे ही ग्राहकाची सरळ दिशाभूल आहे.

आता मुख्य गोष्ट. जागा पाहायला नोव्हेंबरचा दुसरा आठवडा तुम्हीच सुचवलात. ‘रॉड घेऊन या, सकाळी तुमच्याच पाण्यात मासेमारी करा’ असा निरोप तुमच्या कार्यालयाच्या क्रमांकावरून आला, तो माझ्याकडे जपून ठेवलेला आहे. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या पाण्यात मासेमारीला बंदी असते. फ्लाय-फिशिंगच्या नावाने जागा विकणाऱ्या कंपनीला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. रॉड आम्ही नेलेच नाहीत. पण नदीवर जे पाहिले त्याने आमची झोप उडाली.

तुमच्या भूखंडांसमोर नदीपात्रात जेसीबी उतरवलेला होता. पात्रातले गोटे उचलून आडवा बांध घातला होता आणि त्याच्या वरच्या अंगाला पाणी अडवून डोह केला होता. चौकशी केली तेव्हा जागेवरच्या तुमच्या माणसाने कौतुकाने सांगितले, की हा गिऱ्हाइकांसाठी ‘कास्टिंग पूल’ आहे, यात फार्मवरचे रेनबो ट्राउट सोडणार. खालच्या अंगाला बराच दूरपर्यंत पाणी गढूळ होते. त्या दिवसांत तीर्थनचे पाणी इतके नितळ असते की तळातला गोटा न् गोटा मोजता यावा.

नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे ब्राउन ट्राउटचा विणीचा काळ. मादी उथळ, वाहत्या पाण्यात शेपटीने खडी उकरते, त्या खळग्यात अंडी घालते आणि वरून पुन्हा खडी ढकलून ती झाकते. थंड पाण्यात ती अंडी फुटायला दोन-तीन महिने सहज लागतात. तोवर त्यांना लागणारा प्राणवायू खडीच्या फटींतून झिरपणाऱ्या पाण्यातूनच मिळतो. वरून गाळ येऊन बसला की फटी बुजतात आणि अंडी जागच्या जागी गुदमरून मरतात. मासेमारीवर हिवाळ्यात बंदी आहे ती यासाठीच. त्याच आठवड्यांत, त्याच उथळ खडीवर तुम्ही यंत्र फिरवलेत. ज्या ट्राउटच्या नावावर तुम्ही माझ्याकडून पैसे घेतले, त्याचीच पुढची पिढी तुमच्या कामाखाली गाडली गेली. माझ्या दहा लाखांपेक्षा मला याचे दुःख अधिक आहे, आणि हे मी कंपनीच्या संचालकांनी नीट वाचावे म्हणून लिहिते आहे.

ही नदी अशी मोकळी राहिली ती आपोआप नाही. शेजारच्या सैंज आणि पार्वती खोऱ्यांत जलविद्युत प्रकल्प झाले. तीर्थन जिथे बियासला मिळते त्या लारजीलाही धरण आहे. पण खुद्द तीर्थनवर प्रस्तावित असलेले प्रकल्प खोऱ्यातल्या लोकांनी लढून थांबवले. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब त्या लढ्यात पुढे होते. वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे, २०१४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तुमच्या माहितीपत्रकात या उद्यानाचे नाव विक्रीसाठी मोठ्या अक्षरांत आहे. त्या उद्यानातून येणारे पाणी अडवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, याचे उत्तर मला लेखी हवे आहे.

कारण तो अधिकार तुमच्याकडे नाहीच. ‘खासगी ट्राउट नदी’ अशी गोष्ट तिथे अस्तित्वात नाही. मी जमाबंदीची, म्हणजे तिथल्या जमिनीच्या उताऱ्याची, नक्कल काढली. नदीचे पात्र तुमच्या खसरा (गट) नंबरांत कुठेही येत नाही, ते ‘गैर मुमकिन’ (लागवडीस अयोग्य) म्हणून वेगळे आणि सरकारच्या नावावर आहे. काठावर जमीन असली म्हणून समोरच्या पाण्यातले मासे कोणाच्या मालकीचे होत नाहीत. तिथे गळ टाकायचा तर मत्स्य विभागाचा परवाना लागतो, तो प्रत्येक रॉडसाठी दिवसाच्या हिशेबाने मिळतो, आणि किती व केवढे मासे ठेवायचे याचे नियम सर्वांना सारखेच आहेत. हंगामात परवाना काढलेला कोणीही माणूस तुमच्या त्या ‘खासगी’ पाण्यात उभा राहू शकतो, आणि तसेच असायला हवे. ८५ लाखांपैकी नदीचे म्हणून किती लावले आहेत ते तुम्हीच जाणता, पण भूखंडाच्या दरपत्रकात ‘नदी हक्क’ असे वेगळे शीर्षक छापलेले आहे. जे तुमचे नाही ते तुम्ही मला विकले.

याहून गंभीर बाब जमिनीची. जुन्नर तालुक्यात आमची वडिलोपार्जित शेती आहे, सातबारा आमच्या नावावर आहे. हे कळल्यावर तुमचे प्रतिनिधी म्हणाले होते, ‘मग काहीच अडचण नाही, तुम्ही शेतकरीच आहात, हिमाचलात जमीन थेट तुमच्या नावावर होईल.’ हे साफ खोटे आहे. हिमाचल प्रदेश कुळवहिवाट व जमीन सुधारणा कायदा, १९७२ च्या कलम ११८ नुसार बिगरशेतकऱ्याला राज्य सरकारच्या परवानगीशिवाय तिथली जमीन घेता येत नाही. आणि त्या कायद्याच्या लेखी शेतकरी म्हणजे हिमाचलातच जमीन कसणारा. महाराष्ट्रातला सातबारा तिथे चालत नाही. परवानगी मिळालीच तरी राहत्या घरासाठी ५०० चौरस मीटरपर्यंतच जागा घेता येते, आणि तुम्ही तर मला एक एकर विकत होता. ‘कलम ११८’ हे शब्द तुमच्या एकाही कागदावर नाहीत.

मी हा मुद्दा काढला तेव्हा तुमच्या विक्री व्यवस्थापकांनी जो मार्ग सुचवला तो ऐकून मला धक्का बसला. जमीन मूळ स्थानिक मालकाच्या नावावरच ठेवायची, त्याच्याकडून कुलमुखत्यारपत्र घ्यायचे, शिवाय ९९ वर्षांचा भाडेपट्टा करायचा, आणि ‘सगळे असेच करतात’. त्या कलमात भाडेपट्ट्यानेही हस्तांतरण करायला मनाई आहे. मुखत्यारपत्र देऊन किंवा दुसऱ्याच्या नावावर ठेवून केलेला बेनामी व्यवहारही त्यात येतो. असा व्यवहार उघड झाला तर जमीन सरकारजमा होऊ शकते. मग माझे पैसेही बुडतील आणि ज्या बागायतदाराचे नाव तुम्ही पुढे करता त्याची जमीनही जाईल. त्या कुटुंबाला याची कल्पना दिली आहे का? डोंगराळ भागातल्या थोड्याशा जमिनीवर जगणाऱ्या माणसांची जमीन बाहेरच्या पैशाने जाऊ नये, म्हणून तो कायदा आहे. आपल्याकडे कुळकायद्याने शेतजमिनीच्या खरेदीवर बंधने घातली तीही याच काळजीने. अशा कायद्याला बगल द्यायला मला सांगितले गेले, ही मला माझी फसवणूक तर वाटतेच, अपमानही वाटतो.

भूखंडाच्या जागेबद्दल थोडक्यात सांगते. ज्या सपाट पट्ट्यावर घरांसाठी चुना मारला आहे तो नदीनेच आणून टाकलेल्या गोट्यांचा आहे. तिथल्या झाडांच्या बुंध्यांना पुरात वाहून आलेले ओंडके डोक्याच्या उंचीवर अडकलेले आम्ही पाहिले, फोटोही जोडले आहेत. जुलै २०२३ मध्ये बियासच्या पुराने कुल्लू जिल्ह्यात नदीकाठची घरे आणि रस्ते कसे वाहून नेले ते साऱ्या देशाने पाहिले. अशा पट्ट्यावर राहते घर बांधायला सांगणे माणसांच्या जिवाशी खेळणे आहे. ‘पूररेषेच्या बाहेर’ असे विक्री अधिकाऱ्यांनी तोंडी सांगितले होते. त्याचा कागद मागितला, तो आजतागायत आला नाही.

रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायदा, २०१६ प्रमाणे ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड-प्रकल्प नोंदणीशिवाय जाहीर करता येत नाही. हिमाचलच्या रेरा प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक तुमच्या माहितीपत्रकावर नाही, पावतीवर नाही, मागूनही मिळालेला नाही. नोंदणीकृत करार करण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. तुम्ही ८५ लाखांवर १० लाख घेतले आणि करारनामा अजून केलेला नाही. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला ते व्याजासह परत मागण्याचा हक्क त्याच कायद्याचे कलम १२ देते. तुमच्या बुकिंग फॉर्मवर बारीक अक्षरांत ‘रक्कम परत मिळणार नाही’ असे लिहिले आहे. त्या ओळीने माझा हा हक्क जात नाही.

म्हणून माझी मागणी अशी. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत माझे पूर्ण १० लाख रुपये, भरल्याच्या तारखेपासूनच्या व्याजासह, माझ्या बँक खात्यात जमा करावेत. त्याऐवजी तुमच्या दुसऱ्या प्रकल्पात रक्कम वळवण्याचा जो प्रस्ताव फोनवर आला तो मला मान्य नाही. ‘खासगी नदी’, ‘नदी हक्क’ आणि तो परदेशी मासा असलेली सर्व जाहिरात मागे घ्यावी, आणि ज्यांनी ज्यांनी बुकिंग केले आहे त्या प्रत्येकाला कलम ११८ ची माहिती लेखी द्यावी. त्यांत निवृत्तीची पुंजी घातलेली माणसे आहेत, जागा पाहायला आलेल्या दोघांशी माझे बोलणे झाले आहे.

नदीतल्या बांधाबद्दल माझी मागणी वेगळी आहे. तो तुम्ही घाईने, पुन्हा जेसीबी उतरवून फोडू नये. आता तसे केले तर वाचलेली अंडीही जातील. मत्स्य विभागाला आणि बंजारच्या प्रशासनाला तुम्ही स्वतः कळवावे आणि ते सांगतील तेव्हा, ते सांगतील तसाच तो काढावा, खर्च तुमचा. डोहात रेनबो ट्राउट मुळीच सोडू नयेत. फार्मवर वाढवलेले मासे नदीत सोडले की रोग आणि अन्नाची ओढाताण दोन्ही नदीतल्या माशांच्या वाट्याला येते. मी माझ्याकडून फोटो आणि ठिकाणाच्या खुणा मत्स्य विभागाला आजच टपालाने पाठवत आहे, कारण विणीचा हंगाम तुमच्या उत्तरासाठी थांबणार नाही.

मुदतीत रक्कम जमा झाली नाही तर हिमाचल प्रदेश रेराकडे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करण्याची सोय त्या कायद्यात आहे, त्यामुळे मला कुल्लूला खेटे घालावे लागणार नाहीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची वेगळी तक्रार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडेही जाईल. उत्तर लेखीच द्यावे, यापुढे या विषयावर मी फोनवर बोलणार नाही.

कळावे,

आपली ग्राहक
(नाव, पत्ता व बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीवर आहेत)

सोबत : भरलेल्या रकमेची पावती, बुकिंग फॉर्म, माहितीपत्रक व दरपत्रकाची प्रत, कार्यालयाच्या निरोपांची छापील प्रत, जमाबंदीची नक्कल, नदीपात्रातील बांधाचे व पुराच्या खुणांचे फोटो.