बाई, तुम्ही माझा दाखला विचारलात

प्रिय बाई,

जय ख्रिस्त.

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तुम्ही नुसता अंगठा पाठवला असता. म्हणून हे सगळ्यांसमोर. चर्चच्या तरुण संघाचं काम करणाऱ्या इतरांनीही वाचलं तर बरंच.

गेल्या मे महिन्यातलं शिबिर, शेवटची रात्र. पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं झाली, मग पोरांच्या हट्टापायी गिटार. मी मत्तय १०:३२ घेतलं होतं, माणसांसमोर प्रभूला पत्करण्याचं. रंगात येऊन म्हणालो, ख्रिस्ती म्हणवून घ्यायची ज्याला लाज वाटत नाही त्यानं उभं राहावं. सगळे उठले, एक सोडून. (खोटं कशाला बोलू, उठलेले मी मोजलेसुद्धा. अहवालात त्यांचा रकाना असतो. बसून राहिलेल्यांचा नसतो.)

नंतर हापशापाशी गाठून मी त्याला झापलं. तो एवढंच म्हणाला, "सर, स्कॉलरशिपचा फॉर्म भरलाय."

मला कळलं होतं, बाई. नगर जिल्ह्यात आपल्या वस्तीत वाढलेल्या कुणाला कळणार नाही? १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा म्हणजे हिंदूच. १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेर. २००४पासून सुप्रीम कोर्टात प्रकरण आहे. भाड्यानं खोली बघायला गेलं की जात बरोबर येतेच, बाप्तिस्म्यानं सुटते ती शिष्यवृत्ती. म्हणून आजोबांपासून घरात क्रूस आणि कागदावर 'हिंदू'. हे सगळं ठाऊक असूनही मी त्याला झापलं, कारण तेव्हा माझ्या अंगात उपदेशक होता.

सकाळी तुम्ही ओसरीवर लसूण सोलत होतात. मान वर न करता विचारलंत, "तुझा शाळा सोडल्याचा दाखला कुठंय रे? धर्माच्या रकान्यात काय लिहिलंय?"

तो तुम्हीच लिहिला होता, निळ्या शाईनं. त्याच्यावर मला शिष्यवृत्ती मिळाली, तिच्यावर बी.ए. झालो आणि त्या बी.ए.वर हे सेवेचं काम. मी गप्प. तेव्हा तुम्ही म्हणालात, "लिहिला त्या रात्री मलाही झोप नव्हती."

चर्चच्या पंचांकडे तुम्ही ब्र काढला नाहीत. उलट माझ्याबरोबर त्याच्या घरी आलात, एसटी स्टँडपासून उन्हात, गुडघे दुखत असताना. त्याच्या आईनं चहा केला. मी माफी मागितली. तो "ठीकय सर" म्हणाला आणि मोबाइल बघत बसला. हल्ली संघाला कधी येतो, कधी नाही. आला की दाराजवळ बसतो.

तुमचं सगळं पटतं असं नाही. कागदावर एक आणि कॉयरमध्ये एक, हे किती पिढ्या चालवायचं? पण हा प्रश्न सतरा वर्षांच्या पोराला उभं करून विचारायचा नसतो, एवढं मला तुमच्यामुळे कळलं.

यंदा तेच वचन घेतलं. उभं राहा म्हटलं नाही. अहवालाचा रकाना कोरा गेला, वरून फोनही आला. काय सांगायचं ते सुचलं नाही, म्हणालो, लाइट गेली होती.

तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. आणि लसूण सोलायची तुमची सुरी वर्षभर माझ्याच पिशवीत आहे. रविवारी उपासनेला आणतो.

तुमचा,
दहावी 'ब', शेवटचा बाक