स्वस्तातलं जेवण छापायचं असेल तर घरातल्या डब्यांत काय असतं ते आधी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत "कमी खर्चात चविष्ट" असं अख्खं पान होतं, ते मी दुपारी डबे गेल्यावर निवांत बसून वाचलं आणि वाचून फार वाईट वाटलं म्हणून हे पत्र लिहितेय. चार पाककृती दिल्या होत्या, त्यातल्या दोनमध्ये पनीर, एकीत मोझरेला चीज आणि एकीत लाल-पिवळी ढोबळी मिरची आणि ऑलिव्ह ऑइल. आता हे कुणाच्या घरी रोज असतं सांगा. नुसतं पनीर आणि ती रंगीत मिरची आणायची म्हटलं तरी दोनशे रुपये गेले, आणि त्या दोनशेत माझ्याकडं चार माणसं दोन्ही वेळा पोटभर जेवतात, आणि चवीनं जेवतात.

मी मूळची बार्शीची, लग्न होऊन पुण्यात आले आणि गेली बारा वर्षं नवी पेठेत डबे करते. सध्या २२ डबे आहेत, बहुतेक सगळी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं-पोरी. गावाकडून महिन्याला ठरलेले पैसे येतात, त्यात रूमचं भाडं, अभ्यासिकेची फी, पुस्तकं, झेरॉक्स, आणि मग उरलं त्यात खाणं. वीस-बावीस तारीख आली की एकेकाचा मेसेज येतो, "काकू, उद्यापासून रात्रीचा डबा नको". मला कळतं काय झालंय ते. मग ही पोरं रात्री वडापाव नाहीतर दोन मिनिटवाल्या नूडल्स खाऊन झोपतात. त्यांना वाटतं घरी काही करायचं म्हंजे खूप सामान लागतं, आणि असं का वाटतं तर जिथं बघाल तिथं मोबाइलवर, पेपरात, सगळीकडं पाककृतीत क्रीम, बटर, चीज असंच दिसतं.

मागच्या पावसाळ्यात एक हिंगोलीकडचा मुलगा आला, म्हणाला काकू इंडक्शन घेतलंय, पिठलं करून बघितलं पण कडू लागतंय, बेसन खराब आहे का बघा. पिशवीत बेसन घेऊन आला होता बिचारा. मी वास घेतला, बेसन चांगलं होतं. म्हटलं माझ्यासमोर कर बरं. त्यानं कढईत तेल टाकलं, तेलातून धूर यायला लागला तरी थांबला, मग एकदम मोहरी, जिरं, हळद, तिखट सगळं एकत्र लोटलं आणि क्षणात काळं झालं. कडू तिथं झालं होतं. त्याला परत करायला लावलं. दोन चमचे तेल, तापलं की आधी एक मोहरीचा दाणा टाकून बघ, तडतडला की बाकीची मोहरी, ती पूर्ण फुटू दे, मग जिरं, मग ठेचलेला लसूण सात-आठ पाकळ्या, लसणाच्या कडा बदामी झाल्या की हिरवी मिरची आणि कढीपत्ता, मग कांदा, कांदा मऊ झाला की हिंग-हळद आणि लगेच पाणी. हळद शेवटी, कारण ती पूड असते आणि सेकंदात करपते. एक वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी, मीठ घालून खळखळ उकळी, मग आच कमी करून एका हातानं बेसन पेरत जा आणि दुसऱ्या हातानं हलवत जा, थांबू नको. झाकण ठेवून सात-आठ मिनिटं रटरटू दे. वरून कोथिंबीर. वीस मिनिटांत झालं. त्यानं तिथंच उभ्यानं खाल्लं आणि म्हणाला काकू आमच्या आईच्या पिठल्यासारखं लागतंय. सगळा खर्च धरला तर वीस रुपयांच्या आत, आणि दोघं जण जेवतील एवढं पिठलं.

संपादकसाहेब, माझं म्हणणं एवढंच आहे की चव येते ती फोडणीतनं, भाजण्यातनं आणि वाटणातनं, आणि हेच तुमच्या पानावर कुणी नीट समजावून सांगत नाही. "फोडणी करून घ्या" असं अर्ध्या ओळीत लिहून मोकळे होतात. ज्यानं कधी केली नाही त्याला काय कळणार? मिरचीचा रंग, हिंगाचा वास, लसणाचा वास हे सगळं तेलात उतरतं, म्हणून तेल नीट तापलेलं पाहिजे आणि प्रत्येक वस्तू आपापल्या वेळेला पडली पाहिजे. तीच तूरडाळ, तेच पाणी, फोडणी चांगली बसली तर माणूस दुसऱ्यांदा वाढून घेतो.

एखादी वस्तू महागली की सगळे घाबरतात, पण आपल्या बायकांना त्याच्यावर उपाय आधीपासून माहीत आहेत. २०१९च्या डिसेंबरात कांदा शंभरच्या वर गेला, २०२३च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या पुढं गेला, तेव्हा मला डब्याचे पैसे वाढवता येत नव्हते कारण पोरं कुठून देणार. टोमॅटो महागला तेव्हा मी चिंचेवर आले. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवून तिचा कोळ आणि सुपारीएवढा गूळ, आमटीला टोमॅटोची आठवण पण येत नाही, उलट दोन मुली म्हणाल्या काकू आता अशीच करत जा. कोकणातल्या बायका आमसूल घालतात, विदर्भात डाळभाजीत आंबट चुका घालतात, उन्हाळ्यात कैरीची फोड टाकली की झालं. कांद्याच्या वेळेला गोडा मसाला कामाला आला, कारण चिंचगुळाच्या आमटीला कांदा मुळात लागतच नाही, दगडफूल, तीळ, खोबरं, धणे यांचा वास पुरतो. आणि दाटपणा पाहिजे तर भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट दोन चमचे. हे सगळं तेव्हा तुमच्या पेपरात यायला पाहिजे होतं, आल्या त्या सगळ्या भाव वाढल्याच्या बातम्या.

आमच्या बार्शीकडची आणि मराठवाड्यातली येसर आमटी तर पुण्यात कित्येकांना माहीतच नाही. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धणे-जिरे हे सगळं वेगवेगळं खमंग भाजायचं, त्यात आपला मसाला आणि सुकं खोबरं, आणि दळून ठेवायचं. लग्नघरात हे येसर आधी तयार करून ठेवतात. डबा भरलेला असला की महिनोन्‌महिने टिकतं. संध्याकाळी घरात भाजी नाही, डाळ शिजवायला वेळ नाही, तर तीन चमचे येसर पाण्यात कालवायचं, लसणाची झणझणीत फोडणी, वर हे पाणी ओतलं की उकळता उकळता आपोआप दाट होतं. पंधरा मिनिटांत आमटी. धान्य भाजायला मात्र घाई करायची नाही, मंद आचेवर हलवत राहायचं, ज्वारीचा रंग बदलून घरभर वास सुटला पाहिजे. माझी आई एकावेळी मूठ-दीड मूठच धान्य कढईत घालायची, मी विचारलं एकदम का नाही घालत तर म्हणाली खालचं जळतं आणि वरचं कच्चं राहतं. मी आजही तसंच करते, २२ डब्यांचं येसर भाजायला अख्खी दुपार जाते पण चालतं.

आता पौष्टिकपणाचं पण बोलते कारण पनीरचं कौतुक करताना "प्रोटीन मिळतं" असं त्या पानावर दोनदा लिहिलं होतं. मिळतं, मी नाही म्हणत नाही. पण पनीरच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १८ ग्रॅम प्रथिनं आणि कुळथात साधारण २२, तूरडाळीत तेवढीच, शेंगदाण्यात २५च्या आसपास. डाळ, कुळीथ शिजवताना पाणी मिसळून वाढतं हे खरं, म्हणजे वाटीभर आमटीत कमी येतं, पण पैशाच्या हिशोबानं बघा ना. माझ्या वाण्याकडं शेंगदाणे दीडशे रुपये किलोच्या आसपास आहेत आणि पनीर त्याच्या दुपटीहून जास्त. आणि कुळीथ म्हंजे आमचे हुलगे, त्याचे शेंगोळे तर एका भांड्यात होणारं पूर्ण जेवण आहे. हुलग्याच्या पिठात लसूण-जिरं-मिरचीचं वाटण, ओवा, मीठ घालून घट्ट मळायचं, करंगळीएवढे वळायचे आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचे. रस्सा त्यांच्याच पिठानं दाट होतो. थंडीत गरम गरम शेंगोळे आणि बरोबर कच्चा कांदा, वरून तेलाची धार. मागच्या डिसेंबरात केले तेव्हा एक पण डबा उरून परत आला नाही.

आणि जे आपण फेकून देतो ते. दोडक्याच्या शिरा! मंडईतनं दोडका आणला की शिरा काढून बायका कचऱ्यात टाकतात हे बघून माझा जीव तुटतो. त्या बारीक चिरून चमचाभर तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, दहा-बारा मिनिटं लागतात, मग तीळ, सुकं खोबरं किंवा शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, मीठ, आणि खलबत्त्यात जाडसर कुटायचं. मिक्सरला लावलं तर पीठ होतं आणि मजा जाते. भाकरीवर ही चटणी आणि वर थोडं तेल असलं की भाजी नसली तरी जेवण होतं. दुधीच्या सालीची पण अशीच होते. फ्लॉवरचे कोवळे दांडे आणि पाला, मुळ्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात, शिळ्या पोळीचा कुस्करा, शिळ्या भाताला फोडणी, आंबट झालेल्या ताकाची कढी. पुरणाच्या वेळेला हरभऱ्याची डाळ शिजवून निघालेलं पाणी असतं ना, त्याच्यावर कटाची आमटी होते, आणि ती तर लोक पुरणपोळीपेक्षा आवडीनं पितात.

गरिबीचं खाणं म्हणून याला कमी लेखतात ते मला पटत नाही. माझी आई बहात्तरच्या दुष्काळात लहान होती, दुष्काळी कामावर सुकडी मिळायची आणि घरी रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. ती सांगायची, भाकरीबरोबर काही नसलं तरी आजी चुलीत मिरच्या भाजून लसूण आणि मीठ घालून ठेचा करायची, त्याच्यावर तेल पण थेंबभरच, आणि पोरं त्या ठेच्यासाठी भाकरी मागून घ्यायची. ते दिवस परत यावेत असं कोण म्हणेल, पण त्या बाईच्या हातात जी अक्कल होती ती आपण का विसरायची? सरकारनं पण १९९५ला एक रुपयात झुणका-भाकर काढली होती आणि २६ जानेवारी २०२०पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी, दोन चपात्या, भाजी, वरण, भात. चीज-पास्ता कुणी दिला नाही, कारण स्वस्तात पोट भरून चवीचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

एक गोष्ट मात्र खर्चाची आहे आणि ती मी लपवणार नाही, ती म्हंजे मसाला. वर्षाचा मसाला मार्च-एप्रिलमध्ये एकदम करायचा म्हटलं की हातातनं चांगले पैसे जातात. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, वर धणे, खोबरं, खडा मसाला, मग डंखावर कुटून आणायचं. रूमवर राहणाऱ्या पोरांना हे जमणार नाही, म्हणून मी त्यांना सांगते की चौघांनी मिळून पावकिलो काळा मसाला ओळखीच्या बाईकडनं घ्या आणि बरणीत घट्ट झाकणाखाली ठेवा. दोन महिने पुरतो. हिंगाची डबी महाग वाटते पण चिमूटभरच लागतो, सहा-सहा महिने जातो. आणि गॅस वाचवायचा तर डाळ तासभर भिजत घाला आणि शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करून कुकरची वाफ आपापली जाऊ द्या, डाळ तेवढ्यात मऊ होते.

तर माझी विनंती अशी आहे. आठवड्यातून एकदा तरी अशी एक पाककृती द्या ज्यातली प्रत्येक वस्तू कोपऱ्यावरच्या वाण्याकडं मिळते. खाली त्या आठवड्याच्या मंडईच्या भावानं किती खर्च येतो ते लिहा, किती माणसांना पुरेल ते लिहा, गॅस किती वेळ चालतो ते लिहा. जुडी म्हणताना लहान की मोठी ते सांगा आणि तेलाचं माप चमच्यात द्या, "गरजेनुसार" लिहू नका, नवीन माणसाला गरज किती ते कुठं माहीत असतं. खानदेशातल्या, विदर्भातल्या, कोकणातल्या, आमच्या सोलापूरकडच्या बायकांना लिहायला सांगा, त्या फुकट पण लिहून देतील. पहिली येसरची हवी असेल तर मी मापासकट लिहून पाठवते. पानावर जागा कमी पडली तर फोटो लहान करा पण फोडणीत काय कधी घालायचं ते कापू नका, त्या हिंगोलीच्या पोरासारखी खूप पोरं इंडक्शनसमोर उभी आहेत.

आपली,
डबे करणारी एक वाचक
नवी पेठ, पुणे