हंगामी मदतनिसांची नोंद कोण करणार?

महोदय,

दसरा-दिवाळीत कोल्हापुरात पार्सलच्या टेम्पोंना उसंत नसते. ड्रायव्हरशेजारी एक पोरगा बसलेला असतो. ओझं तोच उचलतो, जिने तोच चढतो. गेल्या दिवाळीत माझा पुतण्या या कामावर होता. मंगळवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर वॉशिंग मशीन चढवताना त्याच्या पायाचा अंगठा ठेचला, नख उपटून आलं. कंपनीने ठेकेदाराकडे बोट दाखवलं. ठेकेदार म्हणाला, पोरगा ड्रायव्हरने आणलेला, आमच्या यादीत नाव नाही. औषधपाणी घरच्या पैशांतून झालं.

मी लक्ष्मीपुरीत धान्याची पोती वाहिली. 1969 च्या माथाडी कायद्यामुळे आम्हा हमालांची माथाडी मंडळात नोंद झाली, मजुरीवर मालकांकडून लेव्ही, म्हणजे फंडासाठीची ठरावीक टक्के रक्कम, जमा होऊ लागली, म्हणून आज गाठीला फंड आहे. हे संघटनेने भांडून मिळवलं. कुणी आपणहून दिलं नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांची, म्हणजे ॲपवरून सुटी कामं घेणाऱ्यांची, दखल आहे खरी, पण ज्याचं ॲपवर नावच नाही, त्याने दाद मागायची कुठे?

शहरातल्या कामगार संघटनांनी या पोरांच्याही सभासद-पावत्या फाडाव्यात. आणि कामगार खात्याने हंगामाआधीच ठेकेदारांकडून मदतनिसांच्या याद्या मागवून घ्याव्यात.

– एक निवृत्त माथाडी कामगार, कोल्हापूर