सतरा रात्रींचा काठ

नाशिक

चि. रेवती,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रात दोन गोष्टी होत्या. साडीच्या काठासाठी नवी नक्षी सुचत नाही, मोर आणि मुनिया काढून हात कंटाळलेत. आणि दुसरी, जरा चिडून विचारलेली: सिंहस्थात रामकुंडावर बुडी मारून माणसांना नेमकं मिळतं तरी काय? दोन्हींना मिळून एकच उत्तर पाठवते. ते गुरू ग्रहाचं आहे.

गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला 11.86 वर्षं लागतात. ढोबळ बारा. तो सिंह राशीत आला की सिंहस्थ, म्हणून नाशकात 1991, 2003, 2015 आणि आता 2026-27. बाराला जे थोडं कमी पडतं ते दर फेरीला साधारण पन्नास दिवस. सात फेऱ्यांत त्याचं वर्ष होतं आणि मग एखादा कुंभ अकराव्याच वर्षी येतो. हरिद्वारला 2010 नंतर 2021 मध्ये आला तो याच हिशेबाने. म्हणजे तंबू, घाट, रांगा, सगळा पसारा ज्याच्या चालीवर उभा राहतो तो वर आकाशात आहे. बुडीचं पुण्य मोजायची पट्टी माझ्याकडे नाही. पण ज्याच्यामुळे बुडीची तिथी ठरते त्याची चाल मोजता येते, कुणाच्या शब्दावर विसंबायची गरज नाही.

10 फेब्रुवारी 2027च्या सुमारास गुरू प्रतियुतीत येतो, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर. दिवेलागणीला पूर्वेला उगवेल, मध्यरात्रीनंतर जवळजवळ डोक्यावर येईल, उजाडताना पश्चिमेला उतरेल. मघा ताऱ्याच्या अलीकडे, आसपासच्या सगळ्या ताऱ्यांहून ठळक. पंचांगात त्या दिवसांत 'कर्क' लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नकोस. तो तेव्हा वक्री असतो. आपली एसटी दुसऱ्या एसटीला मागे टाकते तेव्हा ती उलटी सरकल्यासारखी वाटते ना, तसंच पृथ्वी त्याला मागे टाकते. म्हणून सिंहेत शिरलेला गुरू काही महिने कर्केत परततो.

2 ते 18 फेब्रुवारी, अशा सतरा रात्री बाजूला काढ. सतराच का, तर गुरूच्या चार मोठ्या चंद्रांपैकी सर्वांत बाहेरचा कॅलिस्टो 16.69 दिवसांत फेरी पुरी करतो. गॅनिमीड 7.15, युरोपा 3.55, आयो 1.77. आतल्या तिघांकडे नीट बघ: गॅनिमीडची एक फेरी होते तोवर युरोपाच्या दोन, आयोच्या चार. बरोबरी, दुगुण, चौगुण. तबल्यावर ही लयकारी बसवायला वर्षं जातात, इथे ती आपोआप चालू आहे. आणखी एक गंमत म्हणजे हे तिघे एकाच बाजूला एका रेषेत कधीच येत नाहीत. युरोपा आणि गॅनिमीड जुळले की आयो बरोबर उलट अंगाला असतो.

दुर्बीण: 70 मिमी भिंगाची, 700 मिमी नाभीय अंतराची साधी अपवर्ती, 20 मिमीचं नेत्रभिंग. वर्धन 35 पट, एवढं पुरे. 10×50ची द्विनेत्री चालेल, पण हातात धरून नाही. नाडीच्या ठोक्याबरोबर गुरू नाचतो आणि आयो त्याच्या झगमगाटात बुडतो. तिपाई हवीच. काळोखासाठी गावाबाहेर जाऊ नकोस, गुरूला रस्त्यावरचे दिवे आणि चांदणं दोन्ही बाधत नाहीत. बाधते ती गच्ची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उष्ण हवा सोडत राहतो आणि बिंब उकळत्या पाण्यातल्या नाण्यासारखं हलतं. जमलं तर मागच्या अंगणात मातीवर उभी राहा. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढून ठेव. पहाटे भिंगावर दव धरलं तर ओढणीने पुसायचं नाही, लेप ओरखडतो. पुठ्ठ्याची वीतभर नळी पुढे लावलीस तर दव उशिरा धरेल.

रोज दोन नोंदी घे: रात्री साडेनऊला आणि पहाटे पाचला. इथे बहुतेक जण चुकतात. रात्री एकदाच बघितलं तर आयो चक्क फसवतो. त्याची फेरी 1.77 दिवसांची, तुझी नोंद दिवसातून एक. ठिपके जोडलेस की साधारण 2.3 दिवसांची एक खोटी, संथ लाट तयार होते. ती इतकी सुबक दिसते की शंकासुद्धा येत नाही. पहाटेची नोंद ती मोडते.

दुसरी चूक दिशेची. संध्याकाळी गुरू पूर्वेला असताना चंद्रांची ओळ जवळजवळ उभी दिसते आणि तिचं वरचं टोक पश्चिम असतं. पहाटे तो मावळतीकडे असताना खालचं टोक पश्चिम. त्यात दुर्बीण प्रतिमा उलटवते. म्हणून वर-खाली, डावं-उजवं काही लिहू नकोस. दुर्बीण न हलवता मिनिटभर थांब. गुरू ज्या बाजूला सरकत बाहेर जातो ती पश्चिम. कोणत्याही दुर्बिणीत हे खरंच असतं.

कागद तुझ्या सवयीचाच, 1 मिमी चौकटीचा आलेख. मधोमध 4 मिमी रुंदीचा उभा पट्टा, तो गुरू. गुरूचा एक व्यास म्हणजे 4 मिमी. खाली उतरताना एक दिवस म्हणजे 12 मिमी, म्हणजे सतरा दिवस 204 मिमीत, ए-फोरवर बसतात. या मापाने आयो पट्ट्याच्या मध्यापासून 12 मिमीपर्यंत जातो, युरोपा 19, गॅनिमीड 30, कॅलिस्टो 53. अंतराचा अंदाज गुरूच्या व्यासात घ्यायचा, पण झगमगाटाने बिंब फुगलेलं दिसतं, म्हणून आकडे कमी येतात. उपाय सोपा: सतरा दिवसांतलं गॅनिमीडचं सर्वांत लांबचं अंतर साडेसात व्यास धर आणि बाकीचे आकडे त्याच पटीत वाढव. कधी तीनच चंद्र दिसतील, कधी दोन. एखादा बिंबासमोर असतो, एखादा मागे किंवा सावलीत. ते तसंच लिही. मोबाइलवरच्या आकाश-ॲपमध्ये सगळं तयार मिळतं, ते अठरा तारखेनंतर उघड. आधी उघडलंस तर तू आकाशाऐवजी ॲपची नक्कल काढशील.

आता तुझ्या कामाचं. ठिपके जोडलेस की चार लाटा पट्ट्याभोवती गुंफलेल्या दिसतील. टोकाला लाट रेंगाळते, पट्टा ओलांडताना तिरकी धावते. मागावर हीच अडचण येणार. आयोची लाट पट्ट्याजवळ 1 मिमी उतरताना साडेतीन मिमी आडवी जाते, म्हणजे त्याची कांडी एका ओळीत बरेच ताणे ओलांडेल आणि धागा सैल लोंबायची भीती. तिथे मधे अडकवण्या घे, नाहीतर आयोपुरतं दिवसाचं माप दुप्पट करून वेगळा छोटा काठ काढ. मला दुसरं आवडेल, पण माग तुझा आहे.

गॅलिलिओने 7 जानेवारी 1610ला गुरूजवळ तीन ठिपके काढले, दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला. 9 तारखेला ढग. चौथा चंद्र दिसायला 13 तारीख उजाडली. पहिल्या रात्री त्याला ते साधे तारेच वाटले होते. कल्पना नंतर आली, आधी रोजची रेघ होती. पुढे 5 मार्च 1979ला केसरबाई केरकरांची भैरवी तबकडीवर घेऊन निघालेलं व्हॉयेजर 1 गुरूजवळून गेलं. यानाची दिशा तपासण्यासाठी काढलेल्या छायाचित्रात एक मंद तारा शोधताना मोहिमेतल्या अभियंता लिंडा मोराबितो यांना आयोच्या कडेला धुराची छत्री दिसली. पृथ्वीबाहेरचा पहिला जिवंत ज्वालामुखी. त्या नक्षी शोधत नव्हत्या, मोजमाप करत होत्या.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल एवढंच. पाचव्या-सहाव्या पहाटे थंडीत उठायचा कंटाळा येईल, आणि कालच्या लाटेवरून आजचा ठिपका कुठे पडणार हे तुला आधीच सांगता येईल. तेव्हा कागदावर पेन्सिलीने फुली करून मगच बाहेर जा. फुलीच्या जागी गॅनिमीड सापडला की तुझ्या मनात काय होतं ते मला लिही. घाटावर उभ्या असलेल्या बाईच्या मनात काय होतं, हे मग आपण दोघी बोलू.

ढगाळ रात्रीची ओळ रिकामीच ठेव, अंदाजाने भरू नकोस. विणताना तिथे नुसती जरीची तार जाऊ दे. टॉर्चसाठी लाल जिलेटिन कागदाचे तीन तुकडे या पाकिटात घातलेत, तिन्ही एकावर एक लाव. आणि कॅलिस्टोला कुठला रंग देणार ते कळव. तो चौघांत सर्वांत मंद आहे, त्याला राणी रंग देऊ नकोस.

तुझी,
आई