तक्रार पत्र: टक्के तेच, आम्ल वेगळे

प्रति,
प्रमुख,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: १० टक्के ग्लायकोलिक आम्लाच्या फेस सीरममध्ये न कळवता केलेला बदल, त्यामुळे चेहऱ्याला झालेली इजा आणि ग्राहक सेवेने दिलेला चुकीचा सल्ला

महोदय / महोदया,

आपल्या ग्राहक सेवेशी माझे चार वेळा बोलणे झाले. चारही वेळा "आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे" हे वाक्य ऐकवून मला निरोप देण्यात आला. तो अनुभव काय होता हे एकदाही कुणी पूर्ण ऐकून घेतले नाही, म्हणून आता लेखी कळवते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. गेले आठ महिने मी आपले हेच सीरम वापरत होते आणि समाधानी होते, हे आधी मान्य करते. कपाळ आणि गाल खरखरीत, निस्तेज झाले होते. आठवड्यातून दोन रात्री, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर पाच-सहा थेंब आणि वरून साधे मॉइश्चरायझर, असा माझा क्रम होता. लावल्यावर किंचित चुणचुणायचे आणि मिनिटभरात थांबायचे. महिन्याभरात हाताला फरक कळू लागला. स्क्रबने चेहरा घासणे मला कधीच पटले नव्हते. तो वरून खरवडतो, कुठे जास्त, कुठे कमी. आम्ल मात्र मृत पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे दुवे सैल करते आणि त्या आपसूक गळून जातात. हे तत्त्व समजून, विचार करून मी आपली ग्राहक झाले होते. जाहिरात पाहून भुललेली ग्राहक अशी माझी नोंद करून पत्र बाजूला ठेवू नये, म्हणून हे सांगितले.

पहिली बाटली संपत आली तेव्हा दुसरी मागवली. खोका नवा होता आणि त्यावर "नवे रूप, विश्वास तोच" असे छापले होते. समोर पूर्वीसारखेच ठळक "१०%". घटकांची यादी मी जुन्या खोक्याशी ताडून पाहिली, अक्षरन् अक्षर तीच होती. फरक फक्त वापराच्या सूचनेत होता. जुन्या खोक्यावर "आठवड्यातून दोन ते तीन वेळा" होते, नव्यावर "दररोज रात्री" आहे. मी मात्र माझा जुना क्रम सोडला नाही. त्यामुळे "मॅडम, तुम्ही जास्त वापरले असेल" हे ग्राहक सेवेचे पहिले उत्तर इथेच बाद होते.

पहिल्या रात्रीच चेहरा झोंबला. मिनिटभर नव्हे, चांगली वीस मिनिटे भगभग होत राहिली. थंडीने त्वचा कोरडी पडली असेल, अशी मी स्वतःचीच समजूत घातली. तीन दिवसांनी पुन्हा लावले, तर नाकाच्या दोन्ही बाजू आणि गालांचे उंचवटे लालबुंद झाले. त्याच रात्री आपल्या चॅटवर विचारले. मिळालेले उत्तर जसेच्या तसे देते: "काळजी नसावी. झोंबते आहे म्हणजे काम करते आहे. याला पर्जिंग म्हणतात. वापर थांबवू नका, नाहीतर परिणाम दिसणार नाही."

मी विज्ञान शिकवते आणि तरीही हे ऐकले, याची लाज वाटते. आणखी एकदा लावले. दुसऱ्या दिवशी शाळेचा क्रीडादिन होता. सकाळी सनस्क्रीन लावून निघाले, पण पाच तास मैदानावर उभी असताना ते पुन्हा लावायचे राहून गेले. ही माझी चूक आहे आणि ती मी झाकत नाही. संध्याकाळपर्यंत गालांची सालपटे निघू लागली होती आणि चेहऱ्यावर पाणी मारले तरी आग होत होती. त्वचारोगतज्ज्ञांनी पाहताक्षणी सांगितले की हे आम्लाने वरवर पोळले आहे आणि त्यावर उन्हाचा मारा झाला आहे. सगळी प्रसाधने बंद झाली. साधे मॉइश्चरायझर, जिथे सोलवटले आहे तिथे पेट्रोलियम जेली आणि न चुकता सनस्क्रीन एवढेच उरले. आग आठवड्याभरात शमली. मागे राहिले ते दोन्ही गालांवरचे तपकिरी डाग. माझ्यासारख्या सावळ्या त्वचेला इजा झाली की ती भरून येताना रंगद्रव्य जास्त सोडते. हे डाग फिके व्हायला काही महिने लागतील, असे डॉक्टर म्हणाले. आपल्या खोक्यावर "डाग कमी करते" हे वाक्य दोनदा छापले आहे.

आता पर्जिंगविषयी. त्वचेच्या छिद्रांत आधीपासून अडकून बसलेला मळ पेशी लवकर गळू लागल्याने पुटकुळ्यांच्या रूपाने वर येतो, त्याला पर्जिंग म्हणतात. ज्यांना मुरुमे होतात त्यांना, आणि बहुधा नेहमीच्याच जागी, हा त्रास होतो. मला मुरुमे नव्हती आणि नाहीत. लाली, भगभग, सालपटे आणि पाण्यानेही होणारी आग यांना इजा म्हणतात. आपल्या प्रतिनिधींना हा फरक माहीत नसेल तर त्यांनी "डॉक्टरांना दाखवा" एवढेच म्हणावे. "थांबवू नका" म्हणायचा अधिकार त्यांना कुणी दिला?

पण माझी मुख्य तक्रार याच्याही मागे आहे. बरे वाटल्यावर मी जुन्या बाटलीतला तळाशी उरलेला घोट आणि नवी बाटली अशा दोन्ही शाळेच्या प्रयोगशाळेत नेल्या. सामू, म्हणजे आपण ज्याला पीएच म्हणता तो (जितका कमी, तितके द्रावण अधिक आम्लधर्मी), तपासायचा २.५ ते ४.५ या टप्प्यातला कागद आमच्याकडे असतो. दोन्ही द्रावणांचे तीन-तीन थेंब वेगवेगळ्या पट्ट्यांवर टाकले. जुन्याचा सामू ४ च्या आसपास आला, नव्याचा ३ च्या. माझ्या एका सहकारी बाईंनी याच बॅचची बाटली घेतली होती. तिची पट्टीही ३ च दाखवते. कागदाची पट्टी म्हणजे काही सूक्ष्म उपकरण नव्हे, हे मला ठाऊक आहे. दशांशाचा हट्ट मी धरत नाही. पण ३ आणि ४ यांच्या रंगांत गल्लत होत नाही, माझे आठवीतले विद्यार्थीही ते वेगळे ओळखतात.

एका अंकाने काय होते, असे आपल्या प्रतिनिधीने मला फोनवर विचारले होते. सांगते. बाटलीत घातलेले सगळेच ग्लायकोलिक आम्ल त्वचेवर आम्ल म्हणून काम करत नाही. त्यातले काही मुक्त आम्लाच्या रूपात असते, काही क्षाराच्या रूपात. मुक्त रेणूवर विद्युतभार नसतो, म्हणून तो त्वचेच्या वरच्या स्निग्ध थरातून सहज आत शिरतो. क्षाररूपातला भारित कण तिथे अडखळतो. या आम्लाचा रेणू अल्फा हायड्रॉक्सी आम्लांच्या गटात सर्वांत लहान, जेमतेम दोन कार्बनचा, त्यामुळे तो मुळातच चपळ आहे. सामू ३.८३ असताना निम्मे आम्ल मुक्त असते आणि निम्मे क्षार. सामू ४ असेल तर मुक्त आम्ल सुमारे ४० टक्के भरते, सामू ३ असेल तर सुमारे ८७ टक्के. म्हणजे आपल्या जुन्या "१०%" बाटलीत खरे काम करणारे आम्ल ४ टक्क्यांच्या जवळपास होते, नव्या "१०%" बाटलीत ते पावणेनऊ टक्के आहे. दुपटीहून अधिक. खोक्यावरचा आकडा मात्र जागचा हललेला नाही.

घटकांची यादी तीच कशी, याचेही उत्तर त्यातच आहे. यादीत सोडियम हायड्रॉक्साइडचे नाव असते. ते किती घातले, हे नसते. आम्लाची धार बोथट करण्यासाठी घालायची ही आम्लारी आपण कमी केली असावी, असा माझा अंदाज आहे. का केली, हे आपणच सांगावे. लवकर परिणाम दिसावा म्हणून केली असेल तर तो परिणाम माझ्या गालांवर दिसतो आहे.

हे निकष काही मी घरी बसून रचलेले नाहीत. अमेरिकेतल्या प्रसाधन घटकांचे परीक्षण करणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, घरी वापरायच्या उत्पादनात ग्लायकोलिक आम्ल १० टक्क्यांहून अधिक नसावे आणि तयार उत्पादनाचा सामू ३.५ च्या खाली नसावा, असे म्हटले आहे. शिवाय उन्हापासून संरक्षणाची सूचना असावी, हीही अट आहे. सामू ३ पर्यंत उतरण्याची मुभा प्रशिक्षित माणसाच्या हाती, थोड्या वेळासाठी लावून लगेच नीट धुऊन टाकायच्या उपचारांना आहे. आपण त्याच सामूचे द्रावण "दररोज रात्री लावा, धुऊ नका" म्हणून विकत आहात.

उन्हाच्या इशाऱ्याचेही तेच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्येच या गटातल्या आम्लांच्या वेष्टनावर इशारा असावा अशी मार्गदर्शक सूचना काढली. उत्पादन वापरत असताना आणि बंद केल्यावर आठवडाभर सनस्क्रीन लावा, अंग झाकणारे कपडे घाला, उन्हात कमी जा, असा तो इशारा आहे. त्यामागे अभ्यास होता. आम्ल चार आठवडे लावल्यावर अतिनील किरणांनी त्वचा लाल होण्याची संवेदनशीलता १८ टक्क्यांनी वाढलेली आढळली आणि वापर थांबवल्यावर आठवड्याभरात ती पूर्ववत झाली. आपल्या खोक्यावर उसाचे सुरेख चित्र आहे, "निसर्गातून" असे शब्द आहेत, पुनर्वापराची खूण आहे. "ऊन" हा शब्द कुठेही नाही. उसाबद्दल एवढेच म्हणते की बाजारातले बहुतेक ग्लायकोलिक आम्ल कारखान्यात रसायनांपासूनच बनते. त्यात वावगे काही नाही, रेणू तोच असतो. पण चित्र काढायला जागा होती तर इशाऱ्याच्या दोन ओळींनाही झाली असती.

आपल्या पर्यवेक्षकांनी शेवटच्या फोनवर मला आपलेच लॅक्टिक आम्लाचे "सौम्य" सीरम मोफत पाठवू केले. आभार, पण नको. ते आम्ल दुधात सापडते म्हणे, आणि दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने ताक कसे प्यावे हे आपल्याकडे फार पूर्वी सांगून ठेवले आहे.

मला काय हवे आहे, ते असे. माझ्या दोन्ही बॅचचा कारखान्यात नोंदवलेला सामू लेखी कळवावा. बदल केला असेल तर कधीपासून, हेही. माझी पट्टी चुकली असेल तर आपला प्रयोगशाळेचा अहवाल दाखवावा, मी तेवढा भाग लेखी मागे घेईन. बदल खरा असेल तर त्या बॅचची विक्री थांबवावी आणि ज्यांनी ती मागवली त्यांचे पत्ते आपल्याकडे आहेतच, त्यांना आपण होऊन कळवावे. माझ्या सहकारी बाईंनी त्या बाटलीतले अजून चेहऱ्याला लावले नव्हते म्हणून वाचल्या, सगळेच इतके सुदैवी नसतील. पुढच्या छपाईत टक्क्यांशेजारी सामू छापावा, "दररोज रात्री" काढावे, सुरुवात आठवड्यातून एकदा आणि आधी कानामागे पॅच टेस्ट, असे लिहावे, आणि उन्हाचा इशारा समोरच्या बाजूला द्यावा. बाटलीची किंमत आणि डॉक्टरांचा, औषधांचा खर्च परत मिळावा, हे ओघानेच आले. पावत्या जोडल्या आहेत. चॅटवर "थांबवू नका" हे उत्तर एखाद्या प्रतिनिधीने मनाने दिले की आपण त्यांना ते तसे लिहून दिले आहे, हेही मला जाणून घ्यायचे आहे. त्या मुलीवर कारवाई व्हावी अशी माझी इच्छा नाही. तिला शिकवले गेले तेच ती बोलली, असे मला वाटते.

उत्तर पंधरा दिवसांत आणि लेखी यावे. फोन करू नये. त्या काळात समाधानकारक उत्तर न आल्यास मी हे पत्र सोबतच्या कागदांसह ग्राहक आयोगाकडे देईन.

दोन्ही बाटल्या माझ्याकडे आहेत. तपासणीसाठी त्या परत पाठवाव्यात असे आपल्या पर्यवेक्षकांचे म्हणणे होते. नव्या बाटलीतले थोडे द्रावण सीलबंद करून पाठवीन. बाटली पाठवणार नाही.

आपली,
एक ग्राहक

सोबत: चेहऱ्याची तारीखवार छायाचित्रे, चॅटचे स्क्रीनशॉट, दोन्ही खोक्यांच्या सर्व बाजूंची आणि सामूच्या पट्ट्यांची छायाचित्रे, डॉक्टरांची चिठ्ठी, पावत्या.