ताप उतरेपर्यंत थांब

रामबाग, इंदूर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "हिमोग्लोबिन ९.४ आलंय, कपाटात लोहाच्या गोळ्या आहेत, आजपासून दोन-दोन घेते." तेव्हापासून जिवाला चैन नाही. ताप १०२ आहे ना? मग थांब. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घेऊ नकोस.

इतकी वर्षं वर्गात जीवशास्त्र शिकवलं, आज तुला सांगते. जंतूंनाही वाढायला लोह लागतं. म्हणून ताप आला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. ते आतड्यातून येणारं लोह अडवतं आणि साठ्यातलं साठ्यातच कोंडून ठेवतं. जंतूंची उपासमारच म्हण ना! अशा वेळी गोळीतलं लोह अंगी फारसं लागत नाही, पोट मात्र बिघडतं. आणि फेरिटिन, म्हणजे रक्ततपासणीतला लोहाच्या साठ्याचा आकडा, तापात आपोआप वाढतं, तेव्हा तो आकडा चांगला आला तरी लोह पुरेसं आहे असं समजू नकोस.

झांझिबारच्या पेंबा बेटावर, मलेरियाच्या भागात, लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक ॲसिड दिलं, तर गंभीर आजारपणं आणि मृत्यू वाढले. २००६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पण त्यातच ज्या मुलांना लोहाची खरी कमतरता होती, त्यांना फायदा झालेला दिसला. म्हणजे लोह वाईट नाही गं. पांढऱ्या पेशींना जंतू मारायला तेच लागतं, आणि ते कमी पडलं की माणूस सारखा आजारी पडतो. तुझं गेल्या वर्षभर तेच चाललंय, असं मला वाटतं.

बरी झालीस आणि डॉक्टर हो म्हणाले की गोळी सुरू कर, पण चहाबरोबर नाही. तुझ्या जन्मानंतर मी दोन महिने सकाळच्या चहासोबतच गोळी घेतली. रक्त तपासलं तर आकडा जागचा हलला नव्हता! चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही, हे शिकवणारी मी, घरात विसरले. आपल्याकडे पोहे झाले की लगेच चहा लागतो, ती सवय तेवढी मोड. चहा तासाभराने घे. पोह्यांवर, उसळीवर लिंबू मात्र भरपूर पीळ, त्याने लोह चांगलं शोषलं जातं.

बाबा शनिवारी अवंतिका एक्स्प्रेसने येतायत. सोबत अळिवाचे लाडू देतेय, आणि आजीची छोटी लोखंडी कढई. पालेभाजी तिच्यातच कर, पण झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढ, नाहीतर काळी पडते. कढई धुतली की कोरडी पुसून तेलाचं बोट फिरव.

आज रात्री ताप किती आहे ते कळव. मी जागी आहे.

तुझी,
आई